संगणकांच्या जाळ्याची नाडीपरीक्षा

कालव्याच्या शेवटच्या चारीवर ज्याचे शेत आहे, त्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. वरून पाणी सोडले म्हणजे ते शेतात पोचलेच असे होत नाही. वाटेत किती मुरले, चारी कोठे फुटली, वरच्या शेतकऱ्याने पाळी संपल्यावरही पाणी चालू ठेवले का, हे जोवर कोणी पाहत नाही आणि मोजत नाही, तोवर कागदावर सगळे सुरळीत असते आणि शेवटच्या वाफ्याला मात्र भेगा पडलेल्या असतात. म्हणून तर चारीवर मोजपट्टी लावतात आणि पाटकऱ्याच्या हाती वही देतात.

आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो, त्या संगणकांच्या जाळ्याचीही गोष्ट अशीच आहे. शाळेत धडा दाखवायचा असतो, बाजारभाव पाहायचा असतो, सातबाराचा उतारा काढायचा असतो. आणि पडद्यावर ते चाक नुसते गरगर फिरत राहते. आपण म्हणतो, “नेट चालत नाही,” आणि फोन खिशात टाकतो. पण चालत नाही म्हणजे नेमके काय होते? वाट बंद असते, की वाटेवर गर्दी असते? कोठे असते? हे प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारले, कशाने मोजले, आणि त्या मोजण्यामुळे काय वाचले, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

या विद्येचे मूळ संगणकाहूनही जुने आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहराच्या टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारुप एर्लांग नावाचे एक गणिती नोकरीला होते. शहरात लोक इतके, तारा एवढ्याच. मग किती जणांना “लाइन रिकामी नाही” असे ऐकावे लागेल, याचे गणित त्यांनी १९०९ पासून मांडायला घेतले. टेलिफोनच्या वाहतुकीचे माप आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण टेलिफोनची रीत सोपी होती. बोलणे चालू असेतो तार तुमच्या एकट्याची. दुसऱ्याला जागा नसेल तर त्याने थांबावे.

संगणकांना ही रीत परवडेना. संगणक क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग बराच वेळ गप्प बसतो. त्याच्यासाठी तार अडवून ठेवणे म्हणजे एका पोत्यासाठी सबंध मालगाडी थांबवून ठेवणे. तेव्हा १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एकच तोड काढली. निरोपाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि सगळ्यांच्या सामाईक वाटेवर सोडून द्यायचे. या तुकड्यांना आपण पाकिटे म्हणू. नाक्यानाक्यावरचे यंत्र पाकीट घेते, पत्ता वाचते आणि पुढे ढकलते. पुढची वाट मोकळी नसेल तर पाकीट रांगेत उभे राहते. रांग भरली, तर पाकीट चक्क टाकून दिले जाते! या साऱ्या कथेतील निम्मे दुःख त्या रांगेत आहे, हे ध्यानात असू द्या.

अशा तऱ्हेचे पहिले मोठे जाळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने उभे केले. त्याचे नाव आर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला निरोप निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द एकेक अक्षर करून पाठवायचा होता. जाळ्यावरून अक्षर जात होते आणि शेजारी टेलिफोनवरून विचारणा चालली होती, “एल आला का?” “आला.” “ओ आला का?” “आला.” तिसऱ्या अक्षराला पलीकडचा संगणक बंद पडला. म्हणजे जाळ्यावरून पहिला निरोप गेला, तेव्हा तो पोचतो की नाही हे पाहणाराही कानाला टेलिफोन लावून हजर होता.

ही नुसती मौज नव्हे. लॉस एंजेलिसच्या या पहिल्या ठाण्याला नावच ‘जाळे-मापन केंद्र’ असे दिले होते. प्रमुख होते लेनर्ड क्लाइनरॉक. त्यांचे काम निरोप पाठवण्यापुरते नव्हते; जाळ्यावर मुद्दाम ओझे लादायचे, ते कोठे मोडते ते पाहायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. १९७० मध्ये जाळे बांधणाऱ्या बीबीएन कंपनीचे रॉबर्ट काह्न यांनी तेथे जाऊन अशीच परीक्षा घेतली आणि त्यांना आधीपासून वाटत असलेली भीती खरी ठरली. एका निरोपाची जास्तीत जास्त आठ पाकिटे होत. ती सगळी जमल्यावाचून निरोप पुढे देता येत नसे. आता समजा, धर्मशाळेत पाच वऱ्हाडे उतरली आहेत, पण प्रत्येकातली निम्मी माणसे अजून दाराबाहेर आहेत. आतली म्हणतात, “आमची माणसे आल्याशिवाय आम्ही हलणार नाही.” बाहेरची म्हणतात, “जागा झाल्याशिवाय आम्ही आत कसे येणार?” झाले! कोणीच हलेना. जाळे नेमके असेच अडकले. मग जागा आधी राखून ठेवल्याशिवाय लांब निरोप सोडायचाच नाही, असा नियम करावा लागला. हा दोष मुद्दाम शोधला म्हणून सापडला. नाहीतर तो ऐन कामाच्या वेळी सापडला असता.

बीबीएन कंपनीने केंब्रिज गावी (हे केंब्रिज अमेरिकेतले, मॅसॅच्युसेट्स राज्यातले) एक नियंत्रण केंद्र चालवले. देशभरच्या नाक्यांवरील यंत्रे ठरावीक वेळाने तेथे आपली हकीकत कळवीत : मी चालू आहे, माझ्या अमुक तारेवर इतक्या चुका होत आहेत. परिणाम असा झाला, की हजार कोसांवरच्या तारेतला बिघाड कधीकधी टेलिफोन कंपनीच्या आधी या केंद्राला कळू लागला. त्या कंपनीच्या माणसांना प्रथम हे खरेच वाटेना.

पण पहारेकऱ्यावरही पहारा लागतो. २७ ऑक्टोबर १९८० या दिवशी सबंध आर्पानेट काही तास ठप्प झाले. ते ठप्प केले कोणी? परिस्थिती कळवणाऱ्या निरोपांनीच! प्रत्येक नाका आपल्या तारांची स्थिती साऱ्या जाळ्याला कळवीत असे. जुनी बातमी आणि नवी बातमी ओळखू यावी म्हणून तिच्यावर ० ते ६३ पर्यंतचा क्रमांक असे, आणि तो घड्याळासारखा गोल फिरे. अर्ध्या फेरीपर्यंत जो क्रमांक पुढे, ती बातमी नवी, असा नियम. त्या दिवशी एका यंत्रातील दोषामुळे ५० क्रमांकाच्या नाक्याच्या बातमीतले काही ठिपके गळाले आणि एकाच बातमीच्या तीन प्रती झाल्या : ४४, ४० आणि ८. शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर द्विमान पद्धतीने लिहून पाहावेत. १०११००, १०१०००, ००१०००. दर वेळी एकेक एक गळाला आहे. आता मौज पाहा. ४० पेक्षा ४४ नवा. ८ पेक्षा ४० नवा. आणि गोल मोजत गेले तर ४४ पेक्षा ८ नवा! प्रत्येक नाका प्रत्येक प्रतीला ‘ही नवी बातमी’ समजून पुढे पाठवू लागला. बातमीला सगळ्यात आधी वाट द्यायची असा दंडक असल्यामुळे इतर कामाला जागाच उरली नाही. शेवटी केंद्रातील माणसांनी काही यंत्रांची स्मृती उघडून वाचली, तेव्हा ती ५० क्रमांकाच्या बातम्यांनी भरलेली दिसली. मग प्रत्येक नाक्याला सांगण्यात आले, की पन्नासची बातमी मुळी घेऊच नका. तेव्हा कोठे जाळे मोकळे झाले. देखरेख हवी हे खरे. पण देखरेखीचे ओझे किती असावे यालाही मर्यादा हवी, हा धडा तेव्हा मिळाला.

जाळे वाढत गेले. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटने टीसीपी-आयपी हे नवे नियम स्वीकारले आणि निरनिराळी जाळी एकमेकांना जोडता येऊ लागली. आता सगळ्यांचा मिळून एक मालक उरला नाही. मग बिघाड शोधायचा कोणी? त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी एका संध्याकाळी एक छोटा कार्यक्रम लिहिला. त्याचे नाव ‘पिंग’. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते पाहतात, तोच हा आवाज. संगणकाला हाक मारायची : “आहेस का?” त्याने “ओ” द्यायची. किती वेळाने ओ आली आणि किती हाका वाया गेल्या, एवढेच पिंग सांगते. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी दुसरे साधन काढले, ‘ट्रेसरूट’. प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आकडा असतो. प्रत्येक नाका तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. जेकबसनांनी मुद्दाम एक आयुष्य देऊन पाकीट सोडले, मग दोन देऊन, मग तीन देऊन. ते जेथे जेथे मेले, त्या त्या नाक्याने आपण होऊन आपला पत्ता सांगितला! वाटेवरचे सगळे टोलनाके ओळीने हाती आले.

हे व्हॅन जेकबसन आपल्या कथेतील मोठे नाव आहे. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात बर्कली येथे एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि एक विद्यापीठ. दोहोंमध्ये अंतर चारशे यार्ड, म्हणजे टेकडीवरून मोठ्याने हाक मारली तर खाली ऐकू जावी इतके. मध्ये तीन नाके. नेहमी या वाटेने सेकंदाला ३२ हजार बिट जात. अचानक ते ४० वर आले. आठ बिटांचे एक अक्षर धरा. सेकंदाला चार हजार अक्षरे जात होती, तेथे पाच जाऊ लागली. तार तुटलेली नव्हती. यंत्रे चालू होती. सगळे संगणक जिवापाड काम करीत होते आणि पोचत मात्र काही नव्हते.

असे का व्हावे? बाजाराच्या दिवशीचा अरुंद पूल डोळ्यांपुढे आणा. पाकीट पोचले की पलीकडून पोच यायची असा नियम होता. गर्दीमुळे पोच वेळेवर आली नाही, की पाठवणारा समजे, पाकीट हरवले. तो त्याची दुसरी प्रत पाठवी. पहिली तर अजून रांगेतच उभी! दुसरीमुळे रांग वाढे, आणखी पोचा उशिरा येत, मग तिसरी प्रत. जो तो आपापल्या परीने शहाणपणाच वागत होता आणि सगळ्यांचा मिळून पूल कोंडत होता. जॉन नेगल यांनी या धोक्याचा इशारा जानेवारी १९८४ मध्येच लिहून ठेवला होता. तो आता खरा झाला.

काही जण म्हणतील, तारा जाड टाका, यंत्रे मोठी बसवा. जेकबसन आणि विद्यापीठातील माइक कॅरल्स यांनी तसे न करता आधी मोजले. एकेका पाकिटाच्या जाण्यायेण्याच्या वेळेचे आलेख काढले. त्यांतून दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की जुना नियम वेळेचा अंदाज जवळजवळ सरासरीवरच बांधत होता. पण गर्दी वाढते तेव्हा सरासरीपेक्षा तिच्यातील चढउतार फार झपाट्याने वाढतात. नुसत्या सरासरीवर भिस्त ठेवणारा त्या वेळी हमखास उतावळा ठरतो. तेव्हा चढउतारही मोजा. दुसरी अशी, की परत येणारी पोच हीच वाटेची नाडी आहे. एक पाकीट पलीकडे बाहेर पडल्याची खूण मिळाली, तरच अलीकडून दुसरे आत सोडा. सुरुवात एका पाकिटाने करा, पोचा येत गेल्या तसे वाढवत जा. आणि पाकीट हरवले की तारेला दोष न देता वाटेवर गर्दी झाली असे समजा, वेग एकदम खाली आणा आणि पुन्हा बेताबेताने चढा.

हे नियम १९८८ मध्ये बर्कलीच्या युनिक्स प्रणालीतून गावोगावच्या संगणकांवर पोचले आणि जाळे तगले. दुसऱ्याच वर्षी डा-मिंग चिऊ आणि मूळचे भारतीय असलेले राज जैन यांनी गणिताने दाखवून दिले, की थोडे थोडे वाढवायचे आणि कमी करताना मोठ्या प्रमाणात करायचे, असे सगळे वागले तर वाटेचा उपयोगही पुरा होतो आणि वाटणी आपोआप समसमान होत जाते.

श्रोतेहो, येथे घटकाभर थांबावेसे वाटते. या कोंडीवर इलाज करताना वाटेवर कोणी शिपाई उभा केला नाही, दंड ठेवला नाही. प्रत्येक पाठवणाऱ्याने आपल्यापुरते मोजायचे आणि गर्दी दिसली की आपणच हात आवरायचा, एवढेच ठरले. सामाईक पाणवठ्याचा हा जुना न्याय आहे. त्याची कच्ची बाजूही जुनीच आहे. एखाद्याने हात न आवरता पाकिटे लोटतच ठेवली, तर गुणी माणसाचा वाटा त्याच्या पदरात पडतो. म्हणून नाक्यांवरही लक्ष ठेवणे ओघाने आलेच.

त्याची सोय त्याच १९८८ साली झाली. जेफ्री केस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एसएनएमपी नावाची एक साधी रीत लिहिली. प्रत्येक नाक्याच्या यंत्रात विजेच्या मीटरासारखे आकडे फिरत ठेवायचे : किती आले, किती गेले, किती टाकून दिले. केंद्राने अधूनमधून येऊन ते वाचायचे. ही रीत तात्पुरती आहे, पुढे मोठी आणि भरभक्कम पद्धत येईल, असे तेव्हा ठरले होते. ती भरभक्कम पद्धत मागे पडली आणि साधी टिकली. १९९४-९५ च्या सुमारास टोबियास ओटिकर या तरुणाने दर पाच मिनिटांनी हे आकडे वाचून त्यांचा आलेख काढणारा कार्यक्रम केला. तो काम करीत होता तेथे बाहेर जायला ६४ किलोबिटांची एकच तार होती आणि ती कशी चालली आहे हे सगळ्यांनाच पाहायचे होते. तो कार्यक्रम त्याने फुकट वाटला आणि जगभर ठिकठिकाणी तारांचे आलेख भिंतीवर दिसू लागले.

येथे शिक्षकांसाठी एक उदाहरण. हा मीटर ४,२९,४९,६७,२९६ अक्षरे मोजली की पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १ कोटी बिटांच्या तारेवर याला सुमारे ५७ मिनिटे लागतात. पाच मिनिटांनी वाचले तर काही बिघडत नाही. पण तार १०० कोटी बिटांची झाली, तर तोच मीटर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो! पाच मिनिटांनी येणाऱ्याला मधल्या फेऱ्या कळणारच नाहीत. मुलांकडून हा भागाकार करून घ्यावा. मोजमापाचे साधन कामाबरोबर वाढवावे लागते, हे त्यांना पाठ न करता पटेल. पुढे मोठे मीटर आणावेच लागले.

आणि आकडे खरे असले, तरी योग्य तेच मोजले का, हा प्रश्न उरतोच. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याला आपल्या घरच्या जोडणीत एक विचित्र प्रकार आढळला. तार चांगली वाहत होती, पाकिटे हरवत नव्हती, तरी प्रत्येक गोष्ट रेंगाळत होती. कारण असे, की स्मृती स्वस्त झाल्यामुळे नाक्यांवर भल्यामोठ्या रांगा बांधल्या होत्या. पाकीट टाकून देऊ नये हा हेतू चांगला. पण पाकीट हरवले तरच पाठवणारा हात आवरणार, आणि येथे ते हरवतच नव्हते. खूणच बंद केल्यावर संयम कोठून येणार? वाहतूक मोजत होते, वाट पाहण्याचा वेळ मोजत नव्हते. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि जेकबसन यांनी त्यावर उपाय सुचवला : रांग किती लांब आहे हे न पाहता पाकीट रांगेत किती वेळ उभे राहिले ते पाहा.

आपल्या देशातही हा इतिहास घडला. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शिक्षणसंस्थांचे जाळे सुरू झाले. त्यात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी होती. सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पुढे असे दिसे, की मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेले पाकीट परदेशाची यात्रा करून शेजारच्या घरी येई. म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था निघाली आणि देशातली वाहतूक देशातच अदलाबदल करण्याचे नाके झाले. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या, तेव्हा त्याची झळ भारतापर्यंत पोचली आणि आपले पाणी किती लांबच्या कालव्यातून येते हे कळून आले.

आता आपण काय करावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘मायस्पीड’ नावाचे साधन लोकांच्या हाती दिले. अशी इतरही साधने फुकट मिळतात. शिक्षकमित्रहो, वरच्या वर्गातल्या मुलांना एक वही घालून द्या. शाळेच्या एकाच खोलीतून, एकाच फोनवर, आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री आठला मोजायला सांगा. वेग लिहा, ओ यायला लागलेला वेळ लिहा, हरवलेल्या हाका लिहा. केवळ सरासरी काढून थांबू नका. सगळ्यात वाईट आकडा कोणत्या वेळचा आहे, ते पाहा. सबंध तालुक्याची सरासरी उत्तम असू शकते आणि तरी शेवटच्या वाडीतील मुलाला धडा दिसत नसेल. “नेट चालत नाही” या तक्रारीला उत्तर देणे कोणालाही सोपे आहे. “सात दिवस रात्री आठ वाजता शंभरातल्या इतक्या हाका वाया गेल्या” असे तारीखवार लिहून दिले, तर ते उडवून लावणे जड जाते.